पीएचडी करताना सीटीएफ खेळावं का, आणि कॉन्फरन्सला एकटीनं जाऊन करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणक सुरक्षेतल्या पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. लॅबमधली मुलं दर शनिवार-रविवारी सीटीएफ (‘कॅप्चर द फ्लॅग’, म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवायची स्पर्धा) खेळतात आणि तुम्हालाही ओढतात. गाईड म्हणतात, ‘हे खेळ पुरे, चार मोठ्या कॉन्फरन्सपैकी एकीत पेपर लावून दाखव.’ पेपर अजून लागलेला नाही, पण एक पोस्टर (काम मोठ्या तक्त्यावर मांडून त्यापाशी उभं राहून समजवायचं) स्वीकारलं गेलंय आणि पहिल्यांदाच एकटीनं जायचंय. तिथं नेमकं मिळतं काय आणि स्पर्धेचा संशोधनाला काही उपयोग आहे का, हे तुम्हाला हवंय.

आधी स्पर्धेचं बोलते, कारण घोडं तिथंच अडलंय. गाईड अर्धे बरोबर आहेत.

सीटीएफमधल्या प्रत्येक कोड्याला उत्तर असतं. कुणीतरी जागरण करून ते कोडं रचलेलं असतं, स्वतः सोडवून पाहिलेलं असतं आणि फ्लॅग म्हणून अक्षरांची एक ओळ सर्व्हरवर ठेवून दिलेली असते. त्यामुळे पहाटे तीन वाजता सगळं अडलेलं असतानाही मनात एक खात्री असते की वाट आहे, आपल्याला दिसत नाहीये एवढंच. संशोधनात ही खात्री नाही. तिथं फ्लॅग कुणी ठेवलेलाच नसतो. सहा महिने खणून झाल्यावर खाली काहीच नव्हतं असं निघू शकतं, आणि तसं निघालं तर दोष कुणाचाच नसतो. चांगले कसलेले खेळाडू पीएचडीला येतात आणि पहिली दोन वर्षं चाचपडत राहतात, त्याचं कारण मला हेच दिसलंय. त्यांना सोडवता येतं; सोडवण्यासारखं काय आहे ते निवडायची सवय नसते.

पण याची दुसरी बाजू गाईडना सांगायला हरकत नाही. हाताला कधीच चटके न बसलेला विद्यार्थी सुरक्षेवर पेपर लिहू लागला की उंटावरचा शहाणा होतो. त्याच्या पेपरातला हल्लेखोर फार सोयीचा असतो. पाहिजे तिथं पोचतो, हवी ती मेमरी वाचतो, आणि नेमका लेखकाच्या बचावापाशी येऊन अडखळतो. असे पेपर मी दर वर्षी रिव्ह्यूला पाहते. दोन-चार वर्षं स्पर्धा खेळलेल्या माणसाच्या हातून असा हल्लेखोर लिहिला जात नाही.

माझी एक रात्र सांगते. साधंच पण दोनशे गुणांचं कोडं होतं: ६४ बिटची बायनरी (यंत्रभाषेतला प्रोग्रॅम), स्टॅकवर (प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या मेमरीत) बफर ओव्हरफ्लो, म्हणजे जागेपेक्षा जास्त मजकूर कोंबायचा, लिबसीचा (सी भाषेच्या मूळ लायब्ररीचा) पत्ता गळतीतून मिळवायचा, आणि मग ‘सिस्टम’ फंक्शनला हाक मारून शेल, म्हणजे सर्व्हरला आज्ञा द्यायची सोय, घ्यायचं. माझ्या लॅपटॉपवर एक्सप्लॉइट (त्या चुकीचा फायदा घेणारा कोड) लोण्यासारखा चालत होता. स्पर्धेच्या सर्व्हरवर मात्र दर वेळी प्रोग्रॅम मरायचा. सगळ्यांनी एकच निदान केलं: लिबसीची आवृत्ती वेगळी असणार. दोन तास आम्ही पत्ते गळवून आवृत्ती पडताळत बसलो; आवृत्ती बरोबरच होती. शेवटी टीममधल्या सगळ्यात नवख्या मुलानं तीच लिबसी कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) घालून डीबगर (प्रोग्रॅम पायरीपायरीनं तपासणारं साधन) लावला. प्रोग्रॅम ‘सिस्टम’च्या आत शिरून ‘मूव्हॅप्स’ या सूचनेवर कोसळत होता. त्या सूचनेला स्टॅकचा पत्ता १६ च्या पटीत लागतो, आमचा आठ बाइटनी सरकलेला होता. माझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या लिबसीत ती सूचना वाटेत येतच नव्हती, म्हणून तिथं सगळं आलबेल. आमच्या पत्त्यांच्या साखळीत एक रिकामं ‘रिट’ (परत फिरायची सूचना) जास्तीचं घातलं, स्टॅक जागेवर आला आणि शेल मिळालं.

याला तुम्ही क्षुल्लक म्हणाल. पण त्यानंतर वर्षभरानं मी माझ्या टूलचे प्रयोग चालवत होते. प्रोग्रॅम कोसळला की ते टूल सांगायचं, या चुकीतून हल्ला होऊ शकतो. आकडे सुरेख येत होते. तेव्हा ती रात्र आठवली आणि मी तेच प्रयोग लिनक्सच्या वेगळ्या डिस्ट्रोवर (आवृत्तीवर), वेगळ्या लिबसीवर पुन्हा चालवले. निकालांचा चांगला मोठा तुकडा गळून पडला. पेपर एक सबमिशन मागे गेला. पण जो लागला तो अजून टिकून आहे. रिव्ह्यूअरनं ते पकडलं असतं की नाही कोण जाणे. मला ते पकडता आलं ते दोनशे गुणांच्या कोड्यामुळे.

हे झालं जेपर्डी पद्धतीचं, म्हणजे कोडी मांडलेली असतात आणि ज्याला जे जमेल ते त्यानं सोडवायचं. अटॅक-डिफेन्सची तऱ्हा वेगळी. डेफ कॉन या हॅकर मंडळींच्या मेळाव्याची सीटीएफ १९९६ पासून चालते, तिच्या अंतिम फेरीची हीच पद्धत. विद्यापीठांमधल्या टीमांना एकमेकांशी भिडवणारी आयसीटीएफ सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोव्हानी विन्या यांनी २००३ मध्ये सुरू केली, तीही याच जातीची. प्रत्येक टीमला सारख्याच सर्व्हिसेस (नेटवर्कवर चालणारे प्रोग्रॅम) मिळतात, त्यांत सारखीच भोकं, म्हणजे सुरक्षेतल्या चुका. आपली बुजवायची, दुसऱ्यांची फोडायची. ठराविक मिनिटांच्या फेऱ्या असतात आणि दर फेरीला संयोजकांचा प्रोग्रॅम येऊन तुमची सर्व्हिस नीट चालते का ते तपासून जातो.

मेख त्या तपासणीत आहे. माझ्या पहिल्याच अटॅक-डिफेन्समध्ये मी एक भोक इतक्या निगुतीनं बुजवलं की त्याबरोबर फाइल अपलोडची सोयच बंद पडली. तपासणीत सर्व्हिस ‘बंद’ अशी नोंद होत राहिली, आणि हल्ल्यात गेले असते त्याहून जास्त गुण माझ्या पॅचनं (दुरुस्तीनं) घालवले. दुसरा धडा त्याच दिवशी मिळाला. तुम्ही दुसऱ्या टीमवर एक्सप्लॉइट सोडलात की तो त्यांच्या नेटवर्क नोंदीत उतरतो. जरा हुशार टीम असेल तर चार फेऱ्यांत तोच एक्सप्लॉइट पत्ता बदलून तुमच्याकडे परत येतो. म्हणून चांगला एक्सप्लॉइट कधी बाहेर काढायचा, किती वेळ हातचा राखायचा, पॅच सगळ्यांआधी लावला तर त्यातून आपण काय उघड करतो, हे सगळे प्रश्न अंगावर येतात. राष्ट्रं आपल्याकडच्या झीरो-डेबद्दल (बनवणाऱ्याला अजून माहीत नसलेल्या भोकांबद्दल) जो विचार करतात तोच, फक्त आठ तासांत.

आता गाईडना दाखवण्यासारखं उदाहरण. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेनं सायबर ग्रँड चॅलेंज भरवलं, त्याची अंतिम फेरी ४ ऑगस्ट २०१६ ला लास व्हेगासमध्ये झाली. सात यंत्रं, माणसाचा हात नाही. भोकं शोधणं, बुजवणं, दुसऱ्याची फोडणं, सगळं यंत्रानंच करायचं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेल्या फॉरऑलसिक्युअर कंपनीचं ‘मेहेम’ पहिलं आलं, २० लाख डॉलर घेऊन गेलं. तिसऱ्या क्रमांकाचं ‘मेकॅनिकल फिश’ हे शेलफिश टीमचं. शेलफिश म्हणजे सांता बार्बराची, आयसीटीएफच्या अंगणातली, विद्यार्थ्यांची सीटीएफ टीम. त्यांच्या यंत्राच्या पोटात ‘अँगर’ हे बायनरी विश्लेषणाचं फ्रेमवर्क होतं, त्याचा पेपर त्याच वर्षी ओकलंडला, म्हणजे गाईड म्हणतात त्या चारांपैकी एकीत, आला. फझिंग (प्रोग्रॅमला वेडंवाकडं इनपुट देत राहणं) आणि सिंबॉलिक एक्झिक्यूशन (कुठल्या इनपुटनं कुठली वाट उघडते ते गणितानं काढणं) यांची मोट बांधणारा ‘ड्रिलर’ त्याच वर्षी एनडीएसएसला, चारांपैकी दुसऱ्या एकीला. म्हणजे शनिवार-रविवारी जे हातानं करत होते त्याचाच त्या मुलांनी प्रबंध केला. अँगर आज जगभरच्या लॅबमध्ये वापरलं जातं. आणि गंमत म्हणजे विजेत्या मेहेमला लगेच त्याच आठवड्यात डेफ कॉनच्या सीटीएफमध्ये माणसांच्या १४ टीमांबरोबर बसवलं, तिथं ते शेवटचं आलं. त्या शेवटच्या क्रमांकात पुढच्या कितीतरी पेपरांचे प्रश्न होते.

तेव्हा स्पर्धा संपल्यावर गुणतक्त्याकडे बघणं झालं की टीमला एक प्रश्न विचारा: या वेळी हातानं केलेलं कुठलं काम आपण याआधीही दोनदा हातानंच केलं होतं? माझ्या दोन विद्यार्थ्यांचे विषय या प्रश्नातून निघालेत. फ्लॅगची आठवण आठवड्याभरात जाते. हे उत्तर वहीत लिहून ठेवा.

एक बदल मात्र ध्यानात घ्या. सोपी आणि मध्यम कोडी आता भाषा-मॉडेलं पटापट सोडवतात. डार्पाच्याच एआय सायबर चॅलेंजची अंतिम फेरी ऑगस्ट २०२५ मध्ये झाली. जॉर्जिया टेक, सॅमसंग रिसर्च, आणि कोरियातल्या काइस्ट आणि पोस्टेक यांच्या ‘टीम अटलांटा’नं ती ४० लाख डॉलरसह जिंकली. तिथं कोडी नव्हती. नेहमीच्या वापरातल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधली भोकं यंत्रांनी शोधून बुजवायची होती. त्यामुळे आज शिकण्यासाठी खेळत असाल तर सोपी कोडी मॉडेलला देऊन गुण गोळा करण्यात काही हशील नाही. त्याला जिथं जमत नाही तिथं तुमचं काम सुरू होतं.

बाकी स्पर्धांचं भराभर सांगते. अमेरिकेतल्या मायटर संस्थेची ईसीटीएफ एम्बेडेड (उपकरणांत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या) सुरक्षेची आहे आणि काही महिने चालते; आधी स्वतः सुरक्षित उपकरण रचायचं, मग दुसऱ्यांची फोडायची. हार्डवेअरवर काम असेल तर डोळे मिटून जा. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या सीसॉ या स्पर्धामेळ्यात सीटीएफखेरीज संशोधनाचीही स्पर्धा असते. आधीच छापून आलेल्या पेपरवर विद्यार्थी परीक्षकांपुढे बोलतो. पेपर लागला की ती नक्की भरा, एकाच कामातून दोनदा शिकायला मिळतं. धोरणाकडे ओढा असेल तर अटलांटिक कौन्सिल या अमेरिकी धोरण-संस्थेची सायबर ९/१२ आहे, तिथं कोड नसतो, मंत्र्यांना सल्ला द्यायचा असतो. पोनटूओनचा (खरी उत्पादनं फोडून बक्षीस मिळवायच्या स्पर्धेचा) नाद मात्र पीएचडी संपेपर्यंत नको. २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा जो मॅकबुक फोडाल तो तुमचा, असा साधा मामला होता. आता तिथं पूर्ण वेळ हेच करणाऱ्या टीमा उतरतात, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी कंपनीनं पॅच काढला की महिन्यांची मेहनत पाण्यात.

वेळेचं म्हणाल तर मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्षातून सहा स्पर्धा म्हणते, आणि सबमिशनच्या आधीच्या सहा आठवड्यांत एकही नाही. हा आकडा कुठल्या शास्त्रातला नाही. आठवड्याला एक खेळणारा माझा एक सहाध्यायी होता, त्याच्या टीमचं नाव अजून लोकांना आठवतं. त्याची पीएचडी मात्र राहून गेली. त्याला त्याचं दुःख नाही, चांगल्या नोकरीत आहे. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही ठरवा.

आता कॉन्फरन्स. गाईड ज्या चार म्हणतात त्या म्हणजे आयट्रिपलईची सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, यूझनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस. पहिलीला सगळे ओकलंड म्हणतात. १९८० मध्ये सुरू झाली आणि कित्येक वर्षं ओकलंडच्या हद्दीवरच्या एकाच हॉटेलात भरली. आता तिथं भरत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. चारही ठिकाणी पाचांत एक किंवा त्याहून कमी पेपर लागतात. तुमचा पेपर परत आला म्हणून जीव लहान करून घेऊ नका. पहिल्या फटक्यात लागलेले पेपर मोजायला माझ्या एका हाताची बोटं पुरतात, आणि मी आता रिव्ह्यू करणारी आहे.

लोकांना वाटतं कॉन्फरन्सला टॉक ऐकायला जायचं. टॉक ऐकायला एवढा प्रवास नको. यूझनिक्सचे पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतात आणि बहुतेक टॉकचे व्हिडिओही टाकलेले असतात. शिवाय आता एका वेळी अनेक दालनांत टॉक चालू असतात, वक्त्याला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यांत पेपराची जाहिरात तेवढी होते. आपला प्रश्न कुठं चुकलाय हे सांगणारी माणसं तिथं एका छपराखाली सापडतात, म्हणून जायचं. त्या दृष्टीनं पोस्टर हे पेपरापेक्षा कमी नाही. माझ्या मते विद्यार्थ्याला पहिल्या वेळी पोस्टरच मिळावं. पेपराच्या टॉकनंतर दोन-तीन प्रश्न येतात, तेही सौम्य. पोस्टरपाशी माणूस तुमच्यासमोर दोन फुटांवर उभा असतो आणि त्याला घाई नसते.

माझं पहिलं पोस्टर एका साइड-चॅनल हल्ल्यावर (लागणारा वेळ वगैरे आडून मोजून गुपित ताडण्यावर) होतं. आलेख छान, रंग छान. पहिल्या तासात वीसेक लोक आले, मान डोलावून गेले. मग एक वयस्कर गृहस्थ आले, चष्मा कपाळावर चढवून खालच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचला आणि शांतपणे म्हणाले, ‘तुमच्या हल्लेखोराला कर्नल मॉड्यूल लोड करता येतं?’ (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा.) मी म्हटलं, हो, मोजमापासाठी लागतं. ते म्हणाले, ‘मग त्याला हा हल्ला कशाला हवाय? तो किल्ली सरळ वाचेल की.’ मला काही सुचेना. मी काहीतरी पुटपुटले. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. तिथंच उभं राहून पंधरा मिनिटं माझ्याबरोबर विचार करत राहिले की कर्नलवर विश्वास नाही हीच अट असलेली जागा कुठली. एन्क्लेव्ह, म्हणजे प्रोसेसरनं बाकी यंत्रापासून राखलेला कप्पा! तिथं ऑपरेटिंग सिस्टीम हीच शत्रू धरलेली असते, आणि मग माझा हल्लेखोर एकदम कायदेशीर ठरतो. माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं त्या पंधरा मिनिटांतून निघाली. ते गृहस्थ कोण होते ते मला संध्याकाळी त्यांच्या बिल्ल्यावरून कळलं. आधी कळलं असतं तर तोंडच उघडलं नसतं, म्हणून बरंच झालं.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी. हल्लेखोराला काय करता येतं आणि काय येत नाही ते पोस्टरवर वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत लिहा. मी ते कोपऱ्यात दडवलं होतं. आणि कुणी काय विचारलं ते माणूस पाठमोरा होताच टिपून ठेवा. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला की समजायचं, समजावण्यात खोट नाही, कामात आहे.

एकटीनं जाण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. मोठ्या प्राध्यापकांभोवतीच्या घोळक्यात जाऊन उभं राहू नका, तिथं सगळे एकमेकांच्या खांद्यावरून ऐकत असतात. निघण्याआधी तुमच्या विषयाचे तीन पेपर नीट वाचा आणि त्यांचे पहिले लेखक शोधा. ते जवळपास नेहमी तुमच्यासारखेच विद्यार्थी असतात, टॉक संपवून बाहेर आलेले, आणि कुणी खरंच पेपर वाचलाय म्हटल्यावर खूश होतात. त्यांना विचारा, ‘पेपरात न आलेलं काय होतं? काय चाललं नाही?’ छापील पानांत नसलेलं हेच ज्ञान असतं. तीन वर्षांनी हीच मुलं तुमच्या पेपरांचे रिव्ह्यूअर, सहलेखक, नोकरीतले सहकारी होतात. कुणी सलगी करू पाहिली, नकोसं वाटलं, तर सरळ निघून या. आचारसंहिता आणि तक्रारीचा पत्ता कॉन्फरन्सच्या पानावर असतो, तो आधीच फोनमध्ये ठेवा. तसं वागणारे थोडे, पण आहेत.

संध्याकाळची छोटी भाषणं चुकवू नका. क्रिप्टोग्राफीच्या कॉन्फरन्समध्ये त्याला रम्प सेशन म्हणतात, मिनिटांचा खेळ, निम्मा थट्टेचा. पण २००४ च्या क्रिप्टो कॉन्फरन्समध्ये शाओयुन वांग यांनी एमडी५ या हॅशच्या (संदेशाचा छोटा ठसा काढणाऱ्या पद्धतीच्या) टकरी, म्हणजे एकच हॅश देणारे दोन वेगळे संदेश, याच सत्रात दाखवल्या आणि सभागृह उभं राहिलं. २००७ च्या रम्प सेशनमध्ये डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी ड्युअल ईसी डीआरबीजी या प्रमाणित यादृच्छिक-जनकात (अंदाज न येणारे आकडे बनवणाऱ्या पद्धतीत) चोरदरवाजा असू शकतो हे काही स्लाइडमध्ये मांडलं. स्नोडेननं फोडलेली अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रं बाहेर येऊन त्याचा गाजावाजा व्हायला २०१३ उजाडलं. त्या संध्याकाळी लवकर झोपायला गेलेल्यांची मला कीव येते.

हॅकर मंडळींचे मेळावे वेगळे. डेफ कॉन, ब्लॅक हॅट, जर्मनीतली केऑस कम्युनिकेशन काँग्रेस, इथं ‘यात नवीन काय’ हा प्रश्न कमी, ‘चालवून दाखव’ हा जास्त. तिथं जाताना रोजचा लॅपटॉप घरी ठेवा. डेफ कॉनला ‘वॉल ऑफ शीप’ असते, उघड्या नेटवर्कवरून पासवर्ड पाठवणाऱ्यांची नावं अर्धवट झाकून भिंतीवर झळकतात. सुरक्षेतल्या डॉक्टरेटच्या विद्यार्थिनीचं नाव तिथं लागलं तर वर्षभर पुरतं. माझं नाही लागलं, पण ज्यांचं लागलं त्यांना मी ओळखते.

एक वाट फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. यूझनिक्स सिक्युरिटीनं २०२० पासून आर्टिफॅक्ट इव्हॅल्युएशन सुरू केलं: पेपराबरोबरचा कोड खरंच चालतो का, निकाल पुन्हा येतात का, हे एक समिती तपासते. आता बाकीच्या ठिकाणीही ते रुळतंय. त्या समितीत मुख्यतः डॉक्टरेटचे विद्यार्थी असतात आणि तुम्ही स्वतःहून नाव देऊ शकता. महिनाभर दुसऱ्याचा कोड आपल्या मशीनवर चालवताना स्वीकारलेला पेपर आतून कसा दिसतो ते कळतं. ‘मूव्हॅप्स’सारख्या भानगडी इथं पावलोपावली भेटतात, म्हणून सीटीएफ खेळलेली मुलं या समितीत चमकतात. गाईडना हे जरूर सांगा.

आणि ज्यात विद्यार्थी नकळत पाय घसरून पडतो ते म्हणजे सापडलेल्या भोकाची वाच्यता. स्पर्धेत फ्लॅग मिळाला की लगेच मिरवायचा असतो. खऱ्या उत्पादनात भोक मिळालं की आधी बनवणाऱ्याला कळवायचं, मुदत ठरवायची, तोवर गप्प. ही मुदत आणि सबमिशनची तारीख कधीही एकमेकींना सोयीच्या नसतात. मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधली भोकं २०१७ च्या मध्यापासून कंपन्यांना माहीत होती. ९ जानेवारी २०१८ ला जाहीर करायचं ठरलं होतं, पण कर्नलच्या पॅचवरून लोकांनी ताडलं आणि ३ तारखेलाच बाहेर आलं. मेल्टडाउनचा पेपर त्या वर्षीच्या यूझनिक्स सिक्युरिटीत आला, स्पेक्टरचा ओकलंडला २०१९ मध्ये. घाई केली नाही म्हणून काही बिघडलं नाही. उलट टोकाचं उदाहरण २०२१ चं. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला मुद्दाम सदोष पॅच पाठवून देखभाल करणारे ते पकडतात का ते पाहिलं. पेपर ओकलंडला स्वीकारला गेला होता. बोभाटा झाल्यावर मागे घ्यावा लागला, आणि कर्नलच्या मंडळींनी त्या विद्यापीठाच्या योगदानावरच काही काळ बंदी घातली. त्यानंतर कॉन्फरन्समधून नीतीचे प्रश्न काटेकोरपणे विचारले जाऊ लागले. तुमच्या पोस्टरमध्ये कुणाच्या चालू उत्पादनाबद्दल काही असेल तर ते कळवलंय का, उत्तर आलंय का, मुदत संपलीय का, हे निघण्याआधी गाईडकडून लेखी घ्या. पोस्टर सार्वजनिक असतं आणि फोटो काढणारे असतातच.

तयारीचं शेवटी. प्रवासासाठी विद्यार्थी अनुदान जवळपास प्रत्येक मोठ्या कॉन्फरन्समध्ये असतं, नुसत्या पोस्टरवालीलाही मागता येतं. त्याची मुदत बऱ्याचदा नोंदणीच्या आधी संपते, म्हणून आजच बघा. व्हिसा लागत असेल तर स्वीकृतीचा ईमेल आला त्याच दिवशी आमंत्रणपत्र मागा. काम तीस सेकंदांत सांगण्याची एक आवृत्ती आणि तीन मिनिटांची एक, अशा दोन पाठ करा. पहिली ऐकून माणूस थांबला तरच दुसरी. टीमची स्पर्धा नेमकी त्याच आठवड्यात असेल तर या वेळी टीमला नाही म्हणा, त्यांना दुसरी मिळेल. आणि पोस्टर कागदाऐवजी कापडावर छापून घ्या. नळकांडं विमानात विसरणारी मी एकटीच नव्हते. कापडाची घडी हातातल्या बॅगेत मावते, आणि चुरगळलं तरी टाचण्यांनी ताणून लावलं की दोन फुटांवरून कुणाला कळत नाही.